मॉरिशसचं साखर संग्रहालय, एका पॅनमनच्या नजरेतून

मॉरिशसला जाऊन समुद्राखेरीज एकच जागा बघायला वेळ असेल, तर उत्तरेला पाम्पलमूसजवळ बो प्लाँला जा. 'लाव्हाँत्यूर द्यू सूक्र' हे तिथल्या संग्रहालयाचं नाव. मुळात हा साखर कारखाना. १९९९ मध्ये गाळप थांबलं आणि २००२ मध्ये त्याच शेडमध्ये संग्रहालय उघडलं. चिमणी अजून उभी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा पाडतात त्या भांड्यावर, नोकरी करून मी निवृत्त झालो. साखर पट्ट्यातल्या माणसानं तर ही जागा चुकवूच नये असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात आवडलं ते हे की यंत्रं भंगारात घातलेली नाहीत. चरक, रस आटवायची भांडी, व्हॅक्यूम पॅन अशा मांडणीतून आपण चालत जातो आणि रसाची साखर कशी होत गेली ते पायाखालीच उलगडतं. पॅनपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. पॅनमधून थेंबभर मासेक्विट, म्हणजे दाणा धरलेला घट्ट पाक, काढायचं, काचेच्या पट्टीवर पसरायचं, दिव्यासमोर धरून दाणा बघायचा. आयुष्यभर हेच केलं. सौ.ला मी ते तिथं उभ्याउभ्या समजावलं, तर मागं एक फ्रेंच कुटुंबही ऐकत थांबलं. भाषा कळत नसली तरी हातवारे कळत होते.

यंत्रांच्या आजूबाजूनं या बेटाची हकिकत येते, आणि ती उसाला सोडून सांगताच येत नाही. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. फ्रेंच आले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या लाबूर्दोनेनं उसाला जोर दिला, मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणून. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकलं. १८२५ मध्ये लंडननं इथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली आणि मग जिकडं तिकडं ऊसच ऊस झाला. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली. नुकसानभरपाईचे सुमारे वीस लाख पौंड मिळाले ते मालकांना. सुटलेल्या माणसांना छदामही नाही. हे वाचून मला फार संताप आला.

गुलामी संपायच्या थोडं आधीपासूनच त्यांच्या जागी आपली माणसं येऊ लागली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या वर. बहुतेक बिहारकडचे आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातून कोकणातले मराठीही गेले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. आमच्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या उचलीचे आणि खाड्याचे हिशोब मी जवळून पाहिले आहेत. त्यामुळं तो नियम वाचून पुढं जाववेना.

आमचे टॅक्सीवाले काका त्या मराठी घराण्यांपैकीच. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली, बोलतात, मराठी तुटक येते, पण आरत्या तोंडपाठ. गणेश चतुर्थीला तिथं देशभर सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. वाटेत शेतांमध्ये काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात. "हे कुणी रचले, काका?" विचारलं, तर म्हणाले, "आधी गुलामांनी, मग आमच्या आज्या-पणज्यांनी. दगड उचलल्याशिवाय ऊस कुठं लावणार?" त्यांच्या वडिलांचा दोन अर्पां ऊस होता; अर्पां म्हणजे आपल्या एकराहून किंचित मोठा. आता परवडत नाही म्हणून रान पडीक आहे.

का परवडत नाही तेही समजून घ्यायला हवं. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीच्या कमाईत ९० टक्क्यांहून जास्त वाटा साखरेचा होता. १९७५ पासून युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावानं घ्यायचा. त्या पैशावर आणि पुढं कापड गिरण्या, पर्यटन, बँका यांच्यावर देश वर आला. मग २००६ पासून युरोपनं टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के भाव उतरवला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. एकोणिसाव्या शतकात इथं अडीचशेच्या वर कारखाने होते. आज ऊस गाळणारे तीन उरलेत. तेही चिपाडावर वीज करून विकतात आणि साध्या साखरेऐवजी खास साखरेवर भर देतात.

ती खास साखर शेवटी दुकानात चाखायला मिळते आणि तिथं मी खूश झालो. डेमेरारा नावाची साखर मोठ्या दाण्याची, सोनेरी, दाताखाली कुरकुरीत. मस्कोवाडो नावाची दुसरी गडद, ओलसर. तळहातावर चोळली की बोटं चिकटतात आणि थेट काकवीचा वास येतो. आपण गंधकाचा धूर देऊन, सेंट्रिफ्यूगलमध्ये धुऊन मळी काढून टाकतो; इथं ती दाण्यावर मुद्दाम राखतात आणि त्याच चवीचे पैसे घेतात. आमच्या कारखान्यानं हे करून बघायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. रमही चाखायला देतात, ते मी सौ.समोर टाळलं.

तीन तास तरी हाताशी ठेवा. हॉटेलातून निघणाऱ्या बसगाड्या इथं पाऊण तास थांबवतात, त्यात काही होत नाही, टॅक्सी करा. माहिती फ्रेंच आणि इंग्रजीत आहे, वाचायला भरपूर आहे. जून ते डिसेंबर तिथला तोडणीचा हंगाम, म्हणजे आपला बॉयलर थंड असतो त्यातल्या बऱ्याच काळात तिथला पेटलेला असतो. त्या दिवसांत गेलात तर रस्त्यावर उसाच्या गाड्याही दिसतील. सकाळी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे ते मजूर जिथं उतरवले जात ती जागा, बघा, मग इकडं या. आणि कोकणातल्या कुणाचे पूर्वज तिकडं गेल्याचं घरात ऐकिवात असेल, तर मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. नाव, गाव, जहाज, काहींचे तर फोटोही. तिथं चौकशी जरूर करा.