मंडईजवळचं काष्ठौषधीचं दुकान: शिकेकाई अख्खीच घ्या

गेली चार वर्षं मी केसांना शिकेकाई आणि अंगाला उटणं एवढंच वापरतेय, आणि दोन्हीचं सामान पुण्यात मंडईजवळच्या एका जुन्या काष्ठौषधीच्या (वाळलेल्या औषधी वनस्पतींच्या) दुकानातून आणते. बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदा नीटच लिहिते.

आधी मी तयार पावडरीचं पाकीट आणायचे, वर मोठ्या अक्षरात नॅचरल लिहिलेलं, पण उघडलं की अत्तराचा वास आणि धुतल्यावर केस चिकटच. पावडर झाली की त्यात नक्की काय दळलंय ते आपल्याला कळत नाही. इथे शेंगा अख्ख्या पोत्यात असतात, दुकानाचे काका एक शेंग घेऊन मोडून दाखवतात, कडकन मोडली तर लगेच दळायची, वाकली तर "ताई, अजून दोन दिवस ऊन द्या, नाहीतर दळताना चिकटेल" असं स्वतःहून सांगतात. मला हे फार आवडतं.

माझं प्रमाण आजीचंच आहे. एक किलो शिकेकाई, पाव किलो रिठा, पाव किलो आवळकाठी, १०० ग्रॅम मेथी, १०० ग्रॅम नागरमोथा, थोडी कपूरकाचरी (ही दोन्ही सुगंधी मुळं) आणि घरची वाळवलेली जास्वंदीची फुलं. रिठ्याची आतली काळी बी काढूनच द्यायची, ती दगडासारखी असते. पिठाच्या गिरणीवाले शिकेकाई घेत नाहीत कारण वास नंतरच्या दळणाला लागतो, म्हणून यांच्याकडे वेगळी चक्की आहे, समोर उभं राहून दळून घेता येतं, फक्त नाकाला रुमाल बांधा, मी पहिल्यांदा तशीच उभी राहिले आणि संध्याकाळपर्यंत शिंकत होते. घरी आल्यावर वस्त्रगाळ करा, जुन्या सुती ओढणीतून गाळलेली पावडर केसात अडकून राहत नाही, मेथीची कणी राहिली तर ती कोंड्यासारखी दिसते.

दोन चमचे पावडर रात्री गरम पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून ते पाणी वापरायचं. शाम्पूसारखा ढीगभर फेस येत नाही, पण शिकेकाई-रिठ्यात जे सॅपोनिन (साबणासारखं काम करणारं नैसर्गिक द्रव्य) असतं त्याने तेल नीट निघतं. आणि आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं क्षाराचं पाणी येतं, त्यात साबणाची पांढरी साय केसांवर बसते, शिकेकाईची बसत नाही, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा. डोळ्यात गेलं तर मात्र भयंकर झोंबतं, लहान मुलांना लावताना रिठा घालूच नका. केस कोरडे असतील तर आदल्या रात्री खोबरेल लावणं मस्ट आहे. पांढरे केस काळे होतात वगैरे काही नाही, माझे झाले नाहीत.

आता चेहऱ्याचं. स्वयंपाकघरातली प्रत्येक गोष्ट तोंडाला लावायची नसते, हे मी अनुभवाने सांगतेय. कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा लावला आणि तशीच उन्हात भाजी आणायला गेले, गालावर लाल चट्टे उठले आणि त्याचे डाग जायला दोन महिने लागले. लिंबू प्रचंड आम्लधर्मी, त्यात लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं, असं त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून चेहऱ्याला फक्त मसूरडाळीचं पीठ, चिमूटभर आंबेहळद आणि दूध. आंबेहळद घेताना वास घ्या, कैरीसारखा यायला हवा. स्वयंपाकाची हळद लावली तर चेहरा पिवळाच राहतो. आणि पिंपल्स आलेले असताना उटणं चोळू नका प्लीज.

चंदनाची पावडर मागितली तेव्हा काकांनी सरळ सांगितलं की या भावात खरं चंदन मिळत नाही, लाकडाचा तुकडा घ्या आणि सहाणेवर उगाळा. महाग पडला, पण छोटासाच घेतला तो तीन वर्षं चालतोय, दिवाळीत अभ्यंगाच्या आदल्या दिवशी उगाळायला बसले की घरभर वास.

तक्रारी पण आहेत. एकदा पुडीतल्या रिठ्याला कीड लागलेली निघाली, बदलून दिला पण त्यासाठी परत चक्कर मारावी लागली, तेव्हा दुकानातच पुडी उघडून बघा. गाडी लावायला जागा अजिबात नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस चक्कीला एवढी गर्दी असते की दळण दुसऱ्या दिवशी मिळतं, त्यामुळे नवरात्र संपलं की लगेच जा. पावसाळ्यात तर दळूच नका, पावडरीच्या गुठळ्या होतात, मी मे महिन्यात कडक उन्हात शेंगा वाळवून वर्षाचं करून ठेवते. सगळं दळणाईसकट सातशेच्या आत बसतं आणि आम्हा दोघींना, मला आणि लेकीला, वर्षभर पुरतं. जाताना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जा, कागदी पुडीतून आणलं तर रिक्षात सगळ्या पर्सला नागरमोथ्याचा वास लागतो.