अंबाजोगाई रस्त्यावरची सैन्यभरती अकॅडमी: मैदान उत्तम, शौर्याचा तास अर्धाच

लातूरहून अंबाजोगाईकडं जाताना लागते त्या निवासी अकॅडमीत पुतण्याला घातलंय. मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, त्यामुळं जरा बारकाईनंच बघितलं.

मैदानाला नाव ठेवायला जागा नाही. काळ्या रानावर मुरूम टाकून ट्रॅक केलाय, पावसाळ्यातही लेकरं 1600 मीटर पळू शकतात. पुलअप्सचे बार मजबूत, 9 फुटांचा खड्डा मापात. अग्निवीरची लेखी परीक्षा आता मैदानाच्या आधी होते, त्यामुळं गणिताचे सर महत्त्वाचे. ते मन लावून शिकवतात. मेसची भाकरी गरम, वरणात मात्र डाळ शोधावी लागते.

माझी तक्रार आहे ती संध्याकाळच्या 'शौर्यगाथा' तासाबद्दल. उस्ताद घसा फोडून ओरडतात, पोरं टाळ्या पिटतात. भिंतीवर नामदेव जाधवांचं बंदूक रोखलेलं मोठं चित्र. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं एवढं सगळ्यांना पाठ. पण दुसऱ्या महायुद्धात, 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनियो नदीवर त्यांनी आधी काय केलं, ते एकालाही सांगता येईना. कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा, होता हा माणूस. सोबतचे बहुतेक पडले, तेव्हा दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यानं मागं आणलं. मशीनगनच्या तीन चौक्या त्यानं मोडल्या त्या त्यानंतर. त्यातही हाताला जखम झाल्यावर बंदूक फेकून हातबॉम्बवर भागवलं! चित्रकाराला हे कोण सांगणार?

रामा राघोबा राणे तर तिथं कुणाला ठाऊकच नाहीत. एप्रिल 1948, काश्मीरच्या लढाईतला नौशेरा-राजौरी रस्ता. तोफगोळ्यांच्या माऱ्यात राण्यांची दोन माणसं गेली, पाच जण जखमी झाले, त्यांत स्वतः राणेही. तरी रणगाड्यांसाठी सुरुंग काढणं आणि अडथळे हटवणं 11 तारखेपर्यंत चालूच ठेवलं. परमवीर चक्र मिळालं ते या कामाला. "सर, त्यात अ‍ॅक्शन कुठंय?" असं एका पोरानं विचारलं. आता काय बोलावं!

भीती वाटतच नाही तो जवान, असं इथं घोकून घेतात. मी तर हात थरथरत असतानाच रक्त थांबवणारी पट्टी घट्ट आवळणारे बघितलेत.

प्रथमोपचार अन् स्ट्रेचरचा सराव घ्या, असं उस्तादांना सुचवलं. रविवारी मलाच बोलावलंय.

फी हप्त्यानं भरता येते. बोअरचं पाणी फार जड आहे, पोराबरोबर प्यायच्या पाण्याचा कॅन द्या. पाच पैकी साडेतीन.