एनसीव्ही तपासणी: काटेकोर मोजमाप, अपुरा अहवाल

आईच्या उजव्या हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येत असल्याने डॉक्टरांनी एनसीव्ही, म्हणजे चेतातंतूंतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी सुचवली आणि आम्ही ती शहरातील एका खासगी निदान केंद्रात करून घेतली. बसण्याची व्यवस्था बेताचीच आहे, पण तपासणीची शिस्त वाखाणण्याजोगी वाटली.

हात गार लागताच तंत्रज्ञ बाईंनी तो आधी कोमट पाण्यात ठेवायला लावला आणि त्वचेचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच इलेक्ट्रोड चिकटवले. थंडीत तंतूच्या पेशीपटलावरील, संदेश पुढे सरकवणारे सोडियम आयनांचे मार्ग सावकाश उघडतात व मिटतात, त्यामुळे तापमान १ अंशाने उतरले तरी वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो. घाई केली असती तर निरोगी तंतूही कागदावर मंद दिसला असता.

विजेचे झटके क्षणिक असले तरी सुखद नसतात, आणि ते वाढवत का नेतात, असा प्रश्न आईने विचारलाच. बाईंनी दिलेले उत्तर नेमके होते. एकेका तंतूला कमी-अधिक जोराचा संदेश देता येत नाही. उंबरठ्याएवढे उद्दीपन मिळाले तर पूर्ण आवेग निघतो, नाही तर निघतच नाही. झटका वाढवला की अधिकाधिक तंतू सामील होतात, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूचा प्रतिसाद वाढायचा थांबला म्हणजे सगळे तंतू आले असे समजतात.

झटका मनगटापाशी आणि कोपरापाशी असा दोन ठिकाणी दिला जातो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन स्रवून स्नायू उद्दीपित होईपर्यंत जाणारा वेळ दोन्ही मोजणींत सारखाच असल्याने वजाबाकीत तो गळून पडतो, आणि उरलेल्या वेळाने दोन बिंदूंमधील अंतर भागले की निव्वळ तंतूतील वेग मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या चेतातंतूतील वेग याच युक्तीने मोजला होता. बाईंनी टेप दोनदा लावून अंतर तपासले, हे मला फार आवडले.

अहवालाबाबत मात्र तक्रार आहे. आईचा कोपर ते मनगट वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर, म्हणजे ठीक होता. विलंब मनगटापासून पुढे आढळला, आणि तिथे नस दाबली जात असल्याचे निदान त्यावरूनच झाले. अहवालात तक्ते व आलेख व्यवस्थित आहेत, पण तंतूभोवतीचे मायलिन नावाचे चरबीयुक्त आवरण बिघडले की वेग घटतो आणि तंतूच नष्ट झाले की आलेखातील प्रतिसादाची उंची कमी होते, हा उपचारासाठी महत्त्वाचा भेद समजावणारी एक ओळही नाही. ते आम्हाला डॉक्टरांकडूनच कळले.

स्वागतकक्षात शेजारच्या एका मधुमेही गृहस्थांना ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नसा ठणठणीत’ असे सांगितले गेले, ते तर चुकीचेच होते. दाह आणि उष्णतेच्या वेदना वाहणारे मायलिनरहित बारीक तंतू सेकंदाला जेमतेम ०.५ ते २ मीटर वेगाने संदेश नेतात, आणि ते या तपासणीत टिपलेच जात नाहीत. तळपायांची आग होत असलेल्यांनी येथे नोंदणी करण्यापूर्वी ही तपासणी आपल्या त्रासाला लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. मनगटाच्या तक्रारीसाठी मी हे केंद्र निःसंकोच सुचवीन.