पापाचे दास्य आणि ख्रिस्तातील स्वातंत्र्य : एका श्राव्य अभ्यासक्रमाचे परीक्षण

माणूस नेमका कशाने बांधलेला आहे आणि तो सुटतो म्हणजे काय होते, या एकाच प्रश्नाचा आरंभीच्या ख्रिस्ती शिकवणीत माग काढणारा एक श्राव्य अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. बायबलच्या नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांपासून उत्तर आफ्रिकेतील बिशप व धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याच्या मृत्यूपर्यंतचा, म्हणजे साधारण इ. स. ५० ते ४३० हा काळ त्यात येतो. ध्वनिमुद्रित व्याख्याने, प्रत्येक व्याख्यानासोबत मूळ ग्रंथांतील निवडक उतारे व टिपणे, आणि शंका लिहून पाठवण्याची सोय असे त्याचे स्वरूप आहे. या विषयावरची व्याख्याने एकतर प्रवचनाच्या अंगाने जातात किंवा नावे आणि सनावळ्या यांची जंत्री होऊन बसतात. येथे तसे झालेले नाही.

याचे मुख्य श्रेय व्याख्यात्यांनी निवडलेल्या आरंभबिंदूला द्यायला हवे. धर्मसिद्धान्ताला हात घालण्याआधी ते श्रोत्याला ग्रीसमधील डेल्फी येथे नेतात. तेथील अपोलोच्या मंदिराखालच्या भिंतीवर गुलामांच्या मुक्ततेचे शेकडो करार कोरलेले आहेत. या करारांत मालक आपला गुलाम देवाला विकतो, देव त्याची किंमत देतो आणि गुलाम मोकळा होतो, अशी मांडणी असते. प्रत्यक्षात ती रक्कम गुलामानेच कशीबशी जमवलेली असे. त्यातही अनेक करारांत अशी अट असे की, मुक्त झालेल्या व्यक्तीने जुना मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याजवळ राहून त्याची कामे करावीत. हे करार वाचून दाखवल्यानंतर व्याख्याते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राकडे वळतात, आणि ‘तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात’ हे पौलाचे म्हणणे त्या काळातील गुलामाच्या कानाला कसे लागले असेल, ते उलगडतात. डेल्फीत किंमत गुलामाची आणि देवाची मालकी नावापुरती. पौलाच्या मांडणीत किंमत दुसऱ्याने दिलेली आणि मालकी मात्र पूर्ण खरी. हा फरक इतक्या स्वच्छपणे मांडलेला मी पूर्वी कोठे ऐकला नव्हता.

याच धाग्याने पुढे रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय येतो. पापाच्या दास्यातून सुटलेला माणूस नीतिमत्त्वाचा दास होतो, असे पौल तेथे म्हणतो, आणि आजच्या वाचकाला ते विसंगत वाटते, कारण स्वातंत्र्य म्हणजे कोणाचाच नसणे, हे आपण गृहीत धरून चालतो. व्याख्याते ही अडचण टाळत नाहीत. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात दासत्वाचे जू पुन्हा मानेवर घेऊ नका असे बजावणारा पौल काही ओळींनंतर प्रीतीने एकमेकांचे दास व्हा असे सांगतो. ही दोन वचने शेजारी ठेवून ते दाखवतात की, माणूस कोणाच्या ना कोणाच्या स्वाधीन असतोच आणि मुक्ती म्हणजे धनी बदलणे, हे पौलाच्या विचाराचे मूळ आहे. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमाचा कणा हाच आहे.

खंडणीविषयीच्या, म्हणजे सुटकेसाठी मोजलेल्या किमतीविषयीच्या, व्याख्यानात मात्र घाई झालेली आहे. येशूने पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून दिला, हे शुभवर्तमानातील वचन. पण ती खंडणी कोणाला दिली, या प्रश्नावर चौथ्या शतकात फार मोलाचा विचार झाला. ती सैतानाला दिली गेली आणि ख्रिस्ताच्या मानवी देहाआड दडलेल्या देवत्वाच्या गळात तो अडकला, असे निस्सा येथील बिशप ग्रेगरीने मांडले. तर त्याच काळातील दुसऱ्या धर्मशास्त्रज्ञाने, नाझियान्झसच्या ग्रेगरीने, सैतानासारख्या लुटारूला मोबदला मिळावा ही कल्पनाच संतापाने नाकारली. हे दोघे एकमेकांचे स्नेही होते. त्यांच्या मतभेदाला येथे जेमतेम काही मिनिटे मिळतात.

याहून मोठी उणीव दुसरी आहे. आत्मिक मुक्तीची भाषा ज्या गुलामगिरीतून उचलली, त्या प्रत्यक्ष गुलामगिरीचे या शिक्षकांनी काय केले, हा प्रश्न पहिल्या व्याख्यानानंतर जवळपास मावळतो. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातील अनेसिम या गुलामाचा उल्लेख येतो. ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या खंडात ऑगस्टीन गुलामगिरीला पापाचे फळ ठरवतो आणि त्याच ग्रंथाच्या चौथ्या खंडात सज्जन माणूस गुलाम असूनही स्वतंत्र असतो असे म्हणतो, हेही सांगितले जाते. पण बायबलमधील उपदेशकाच्या पुस्तकावरील प्रवचनात निस्साच्या ग्रेगरीने माणसे विकत घेणाऱ्यांना थेट विचारले होते की, देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही किती लावली. त्या प्रवचनाचा उतारा टिपणांत असूनही व्याख्यानात त्यावर एक शब्द नाही. मुक्तीचा सिद्धान्त शिकवताना त्याची ही कसोटी बाजूला ठेवणे मला पटत नाही, आणि पुढील आवृत्तीत येथे एक स्वतंत्र व्याख्यान असायलाच हवे.

ऑगस्टीनवरील व्याख्याने मात्र मनापासून ऐकावीत अशी आहेत. ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनाच्या आठव्या खंडात तो आपल्या बेडीची कडी न् कडी मोजून दाखवतो: वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या सेवेतून सवय, आणि सवय मोडली नाही की तिचीच सक्ती. बेडी दुसऱ्या कोणाच्या लोखंडाची नाही, स्वतःच्याच इच्छेची आहे. व्याख्याते हा उतारा सावकाश, थांबत थांबत वाचतात आणि इ. स. ३८६ मधील मिलानच्या बागेतील त्याच्या धर्मांतराच्या प्रसंगाकडे जाण्याची गडबड करत नाहीत.

मनुष्य स्वतःच्या इच्छेने देवाच्या आज्ञा पाळू शकतो असे मानणाऱ्या, ऑगस्टीनच्या समकालीन पेलागियसला मात्र न्याय मिळालेला नाही. इ. स. ४१८ च्या कार्थेज परिषदेने त्याची मते धिक्कारली, एवढ्यावर त्याचा निकाल लावून विषय संपवला आहे. मनुष्य आज्ञा पाळूच शकत नसेल तर आज्ञा देण्यात अर्थ काय, ही त्याची तळमळ होती, आणि तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मशास्त्रज्ञ ओरिजेन यानेही ग्रह आणि दैव यांच्या सत्तेविरुद्ध इच्छास्वातंत्र्याची बाजू हिरिरीने मांडली होती. ही पार्श्वभूमी दिली असती तर देवाच्या कृपेशिवाय ते शक्य नाही हे ऑगस्टीनचे उत्तर किती अवघड आणि किती खोल आहे, हे अधिक जाणवले असते.

बाप्तिस्म्यावरील व्याख्यान छोटे असले तरी नेमके आहे. चौथ्या शतकात जेरुसलेम येथे बाप्तिस्मा घेणारा पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेकडे तोंड करून, हात पुढे पसरून सैतानाचा त्याग उच्चारत असे आणि मग पूर्वेकडे वळून विश्वास प्रकट करत असे. सिद्धान्त शरीराने कसा शिकवला जाई, हे यातून कळते.

निवेदन स्पष्ट आहे, उताऱ्यांची निवड जाणत्या हाताने केलेली आहे, आणि पाठवलेल्या शंकेला मला सविस्तर, मुद्देसूद उत्तर मिळाले. टिपणांत मात्र पवित्र शास्त्रातील संदर्भ केवळ अध्यायापर्यंत दिले आहेत, वचनांचे क्रमांक नाहीत, त्यामुळे शोधाशोध करावी लागते. ज्यांनी रोमकरांस आणि गलतीकरांस ही दोन पत्रे एकदा तरी सलग वाचली आहेत, त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. ज्यांनी वाचलेली नाहीत, त्यांनी आधी ती वाचावीत, आणि पेलागियसवरील भागासोबत देमेत्रियास या रोमन तरुणीला त्याने लिहिलेले पत्र स्वतंत्रपणे मिळवून वाचावे.