शिरोड्याच्या मुक्कामात व्हॅन बंद पाडून पैसे उकळले

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी हल्ली कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊन कोकणात उतरतात. आत झोपायची सोय, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज. आंबोली उतरलं की सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, मनाला येईल तिथं मुक्काम. आम्ही दोघंही तसेच गेलो आणि सहल छानच चालली होती. पण शेवटच्या मुक्कामात व्हॅनमालकानं आम्हाला ज्या पद्धतीनं कोंडीत पकडलं, ते सगळ्यांना कळायला हवं म्हणून सविस्तर लिहिते आहे. अशा माणसांचा डाव सुरुवातीला दिसतच नाही. डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलेलं, सामान गाडीत, परतीची तारीख जवळ आलेली आणि गाव परकं, हे सगळं जुळून येतं ते शेवटच्या एक-दोन दिवसांत.

मालक पलीकडच्या राज्यातला. फोनवर बोलणं अगदी गोड. ‘काकू, तुम्ही सीमाभागातली आपली माणसं. तुमच्यासाठी रेट कमी करतो.’ ह्या वाक्याचं आमच्याकडे वजन किती, हे बेळगावकरांना सांगायला नको. दुकानाच्या पाटीपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत मराठीसाठी झगडत आलेल्या माणसाला कुणी ‘आपलं’ म्हटलं की तो दार उघडतो. त्या भावनेवर हा माणूस धंदा करतो, ह्याचा मला गेलेल्या पैशांपेक्षा जास्त राग आहे.

व्हॅन त्याच्या पोरानं बेळगावच्या शहापुरात आमच्या दारात आणून दिली. तीस हजार डिपॉझिट आधीच यूपीआयनं घेतलं होतं. करार इंग्रजीत, बारीक टायपात. उशिरा गाडी परत केली तर दिवसाला दहा हजार दंड, आणि वायरिंगला हात लावला तर सगळं डिपॉझिट जप्त, अशी कलमं त्यात होती. ह्यांनी गाडी ताब्यात घेताना आतून-बाहेरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. ‘काका, कशाला? घरचीच गाडी समजा,’ असं तो पोरगा म्हणत राहिला, तरी काढला.

मालवण-तारकर्ली करून परतताना आम्ही शिरोड्याला वेळागरच्या बाजूला थांबलो. सुरूच्या झाडांमागं एका मावशींचं अंगण होतं. पाणी आणि बाथरूमचे थोडे पैसे घेऊन त्यांनी व्हॅन लावू दिली. आम्ही बेळगावहून नेलेला कुंदा त्यांना दिला, संध्याकाळी त्यांच्याकडून बांगडे आणि सोलकढी आली. असा दिवस गेला आणि रात्री मालकाचा फोन.

‘काकू, जीपीएसवर दिसतंय, तुम्ही गाडी महाराष्ट्रात घातली. बॉर्डर टॅक्स भरलेला नाही. आरटीओनं केस केलीय. साडेअठरा हजार आत्ता पाठवा.’

महाराष्ट्रात जाणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, पावती पाठवा. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पावती आली, वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का. जिल्ह्याच्या रकान्यात ‘सावंतवाडी’. सावंतवाडी तालुका आहे, जिल्हा सिंधुदुर्ग. सरकारी पावतीवर ही चूक होत नाही. आम्ही स्पष्ट सांगितलं, पैसे मिळणार नाहीत. तो काही बोलला नाही, फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान भरलं, निघायचं म्हणून ह्यांनी चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले, पण स्टार्टरचा आवाजच नाही. पुन्हा फिरवली, तेच. मावशींच्या ओळखीचा एक मेकॅनिक आला. त्यानं आधी बॅटरी तपासली, ती ठणठणीत. मग स्टिअरिंगखालचं झाकण काढून टॉर्च मारला. आत काड्यापेटीएवढा काळा डबा टेपनं बांधलेला, आणि इग्निशनची वायर मधेच कापून त्या डब्यातून फिरवलेली. ‘काका, गाडी बिघडलेली नाय. लांबून बंद केल्यानी,’ तो म्हणाला. जीपीएस ट्रॅकरला असा रिले, म्हणजे लांबून चालणारा विजेचा खटका, जोडला की मालक मोबाइलवरून इंजिन बंद ठेवू शकतो. चोरी होऊ नये म्हणून ही सोय असते. इथं ती आम्हाला ओलीस धरायला वापरली.

मेकॅनिक वायर जोडून द्यायला तयार होता. पण वायरिंगचं ते कलम! ह्यांचं इन्सुलिन व्हॅनच्या फ्रिजमध्ये, आणि संध्याकाळनंतर दिवसाला दहा हजारांचं मीटर सुरू होणार. मालकाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, आधी टॅक्स. मी म्हटलं, लिहून द्या. घमेंडीत त्यानं लिहूनही दिलं, ‘पेमेंट झालं की गाडी चालू होईल.’ मग ह्यांनी साडेअठरा हजार पाठवले आणि यूपीआयच्या शेऱ्यात ‘गाडी चालू करण्यासाठी मागितलेले’ असं टाकलं. पैसे गेले आणि पाठोपाठ गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मावशी कपाळावर हात मारून बघत उभ्या होत्या.

बेळगावला गाडी परत घेताना नवीन नाटक. बाहेरच्या छताचा दांडा वाकलाय, टॉयलेटची टाकी गळते, म्हणून डिपॉझिटही मिळणार नाही. तो दांडा पहिल्या दिवशीच्या व्हिडिओत वाकडाच आहे. ते दाखवल्यावर उत्तर आलं, ‘केस करायची तर आमच्याकडच्या कोर्टात या.’

ह्याच धमकीवर लोक गप्प बसतात. आपल्याकडे तर तीन राज्यांच्या सीमा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हद्दीचा बागुलबुवा लगेच उभा राहतो. आम्हालाही एका पोलीस ठाण्यात सांगितलं, घटना तिकडची, तिकडेच जा. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. आणि गाडी अडवून पैसे काढणं हा नुसता व्यवहारातला वाद नाही. धमकावून पैसे घेणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम 308. वकिलांनी हे लिहून दिल्यावर आमचा अर्ज घेतला गेला.

ग्राहक आयोगाचं तर आणखी सोपं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मालक गोव्यात असो की पुण्यात, आम्ही बेळगावात राहतो म्हणून बेळगावातच दाखल केली. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. व्हिडिओ, यूपीआयचा शेरा आणि त्याचा तो मेसेज, तिन्ही जोडले आहेत. निकाल अजून यायचा आहे.

कागदपत्रं जमवताना कळलं ते सर्वांत गंभीर. गाडीला पांढरी नंबरप्लेट होती, म्हणजे खासगी. स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि त्यावर अक्षरं पिवळी असतात. खासगी गाडी भाड्यानं चालवणं बेकायदा आणि खासगी विमा तेव्हा लागू होत नाही. आंबोलीच्या वळणावर काही झालं असतं तर विमा कंपनीनं हात वर केले असते. शिवाय आत पलंग, शेगडी, टाकी बसवून गाडीचं रूप बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, तशी नोंद व्हावी लागते. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा वर्ग, विम्याची तारीख आणि फिटनेस दोन मिनिटांत दिसतं. टॅक्सचंही तसंच. तो परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो आणि पावतीही तिथंच तपासता येते. आरटीओ मालकाच्या व्हॉट्सॲपवरून वसुली करत नाही.

बोलणी करताना मालकाला सरळ विचारा की इंजिन बंद करायचा डबा बसवलाय का, आणि मुक्कामात तो वापरणार नाही असं करारात लिहून घ्या. जो टाळाटाळ करील त्याची गाडी घेऊच नका. डिपॉझिट ज्याच्या खात्यावर जातंय ते नाव आरसीवरच्या नावाशी जुळतं का तेही बघा. आमचं दुसऱ्याच बाईच्या नावावर गेलं होतं, त्यामुळे आता नोटीस दोघांना काढावी लागली.

परवा त्याच व्हॅनची जाहिरात पुन्हा दिसली. निळे पडदे तेच, दांडा तोच वाकडा, ‘वेंगुर्ला-मालवण स्पेशल’ असं वर लिहिलेलं. नंबरप्लेटवर मात्र ह्या वेळी फुलाचं स्टिकर चिकटवलेलं आहे. कुणी चौकशी करत असाल तर आधी ते स्टिकर काढून नंबरचा फोटो मागा.