कोल्ड स्प्रे सांगून फ्लेम स्प्रे मारला, २,५६,५०० रुपये गेले

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल, जिथं जिथं ॲल्युमिनियमचं मशिनिंग चालतं, तिथल्या सगळ्यांनी हे वाचा. धातूची पावडर न वितळवता थर चढवतो (कोल्ड स्प्रे) असं सांगून ज्यानं ज्योतीत वितळवून (फ्लेम स्प्रे) थर मारला, तो माणूस पुण्याकडचा आहे आणि आता त्याचे फोन कोल्हापुरात सगळीकडे येतायत.

माल होता एलएम २५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची, टी६ केलेली (उष्णता देऊन कडक केलेली) ४८ हाऊसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायची कवचं. ६२०६ बेअरिंगची सीट, म्हणजे ते बसायचं गोल भोक (बोअर), ६२ ऐवजी ६२.४ मिमी झालेलं, ते भरून घ्यायचं होतं. टिग वेल्डिंग केलं तर टी६ चा कडकपणा उतरतो आणि बोअर वाकडा होतो. बुश (आत दाबून बसवायची नळी) बसवायला भिंत पुरत नव्हती. अशा जागी कोल्ड स्प्रेचा विचार करणं चूक नव्हतं, हे मी आजही सांगेन. त्यात पावडर वितळत नाही. तापवलेला नायट्रोजन ३०-५० बार दाबानं नोझलमधून सुटतो, ५ ते ५० मायक्रॉनचे कण सेकंदाला पाचशे मीटरच्या वर वेगानं आदळतात, चपटे होतात आणि तिथंच घट्ट बसतात. हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्रात यावर काम चालतं. तंत्र खरं आहे, म्हणून विश्वास ठेवला. स्वस्ताच्या मागे लागून फसलो असं कुणी म्हणू नका. बोअरला १,८५० रुपये हा काही फुकटचा दर नाही.

४८ नगांचे ८८,८०० झाले. ४०,००० आगाऊ, ४८,८०० माल उचलताना. टेम्पोचे ४,५०० वेगळे.

आता ती जागा, जी आठवली की अजून डोकं फिरतं. त्याच्या शेडमध्ये नायट्रोजनचे दोन सिलेंडर उभे होते. दोन! ते बघून 'नायट्रोजन आहे, म्हणजे मशीन खरं' असं समाधान करून घेतलं. हिशोब तिथंच करायला हवा होता. ४७ लिटरच्या सिलेंडरमध्ये १५० बारला सुमारे ७ घनमीटर वायू मावतो. हाय प्रेशर गन तासाला ६० ते १०० घनमीटर खाते. म्हणजे एक सिलेंडर चार ते सात मिनिटांत रिकामा. तो म्हणाला होता, एका बोअरला दोन मिनिटं. ४८ बोअरला ९६ मिनिटं, म्हणजे कमीत कमी १४ सिलेंडर. ज्याच्याकडे सिलेंडरची बँक किंवा लिक्विड नायट्रोजनची टाकी नाही, त्याच्याकडे हे काम होऊच शकत नाही. कोपऱ्यात ताडपत्रीखाली ऑक्सिजन-ॲसिटिलीन होतं, ते 'वेल्डिंगसाठी' म्हणे. फ्लेम स्प्रेची ज्योत याच वायूंवर चालते.

दुसरी खूण बोअरचीच. साध्या गनची नोझल १२० ते २०० मिमी लांब असते, शिवाय नोझल आणि पृष्ठभागात २५ मिमीच्या आसपास अंतर लागतं. ६२ च्या बोअरमध्ये ती ९० अंशात फिरणार कशी? तिरकं मारलं तर कण नीट बसत नाहीत, थर पोकळ राहतो. बोअरसाठी वेगळी नोझल दाखव, असं आधीच म्हणायला हवं होतं.

माल आला, फिनिश बोअरिंगला घेतला, कडेनं पापुद्रा उठला. बेअरिंग दाबताना ११ नगांचा थर सुटून आला. मग एक नग कापून मायक्रोस्कोपखाली बघितला: थरांमध्ये ऑक्साइडच्या काळ्या रेषा आणि भोकंच भोकं. हे वितळवून मारलेल्या थराचं चित्र आहे. कोल्ड स्प्रेमध्ये कण दाबले गेलेले दिसतात, अशा काळ्या रेषा दिसत नाहीत. बोअरजवळची हार्डनेस (कडकपणा, ब्रिनेल मापात) ९८ बीएचएनवरून ७१ वर आलेली, कारण टॉर्चनं प्रीहीट केलेलं. सगळे ४८ नग भंगार. नगाला ३,४०० प्रमाणे १,६३,२०० रुपये.

इथं फाउंड्रीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप असतो. त्याच मिश्रधातूचा तुकडा सोबत द्या, समोर मारून घ्या, कापून बघा, मगच बाकीचे पैसे. चिकटण्याची टेस्ट एएसटीएम सी६३३ प्रमाणे मागा.

पोलीस ठाण्यात गेलो. इथले म्हणाले, प्रकार तिकडं घडला, तिकडं जा. खरं तर हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ तेच सांगतं. तिकडं गेलो तर साहेब म्हणाले, 'काम तर करून दिलंय ना? मग हे दिवाणी.' मायक्रोस्कोपचे फोटो टेबलावर ठेवले, त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, तर 'वकील करा' म्हणाले. ग्राहक आयोगाकडे विचारलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही. आणखी एका कार्यालयानं तीन वेळा बोलावलं आणि शेवटी सांगितलं, थकलेल्या बिलाची तक्रार असेल तरच आमच्याकडे या. दोन महिने हेच. ज्याचे पैसे गेले त्यानंच दारोदार फिरायचं, आणि तो माणूस रोज नवीन गिऱ्हाईक धरतोय.

सगळीकडे आडवं आलं ते त्याचं बिल. त्यावर फक्त 'मेटल कोटिंग' लिहिलेलं. पर्चेस ऑर्डरमध्ये 'कोल्ड स्प्रे', पावडरचं नाव, मायक्रॉन, वायू आणि दाब लिहून सही घ्या. फोनवरचं बोलणं धरू नका.

तो आता 'झिजेसाठी स्टेनलेस पावडर मारतो' असंही सांगतोय. ॲल्युमिनियमवर स्टेनलेसचा सच्छिद्र थर बसला आणि ओल आत गेली, तर खालचं ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. झिजेसाठी ॲल्युमिनियम पावडरमध्ये ॲल्युमिना मिसळून मारतात, ते विचारा. आणि स्प्रे कॅनमधलं जस्त, ज्याला कोल्ड गॅल्वनायझिंग म्हणतात, तो रंग आहे. नावातल्या 'कोल्ड'ला भुलू नका.

कापलेला नग आणि तीन अख्खे ठेवलेत, भंगारात दिलेले नाहीत. ज्याच्याकडे त्याचं कोटेशन आलंय त्यानं शिरोलीत येऊन आधी तो सेक्शन बघावा.