वर्षाचे पैसे भरले त्याला जमलं नाही, फुकटच्याने सांगितलं: रिलायबिलिटी मॉनिटर, काही महिन्यांच्या वापरानंतर

रिलायबिलिटी मॉनिटर म्हणजे कुठला प्रोग्रॅम कधी कोसळला याची विंडोजची नोंदवही. व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच पडून आहे. तरीही घरच्या कॉम्प्युटरसाठी मी वर्षाचे पैसे भरून एक सुरक्षा-कम-सफाई सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याचं नाव घेत नाही. रिव्ह्यू त्याचा नाहीच, पण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

झालं असं की बघता बघता तीन प्रोग्रॅम उघडेनासे झाले. डबल क्लिक केलं की कर्सरपाशी निळं कडं गरगर फिरायचं, थांबायचं, आणि पुढे काहीच नाही. ना खिडकी, ना एररचा मेसेज. आधी फोटोंचा प्रोग्रॅम गेला, मग हिशेबाचा, मग पीडीएफचा. ब्राउझर तेवढा ठणठणीत. घरात लगेच मत पडलं की कॉम्प्युटर म्हातारा झाला, नवा घ्या. असं मत देणाऱ्याच्या खिशाला कधीच कात्री लागत नसते.

सफाईवाल्याची 'एका क्लिकमध्ये दुरुस्ती' चालवली. ढिगाने 'समस्या' सापडल्या, सगळ्यांवर हिरव्या टिका आल्या, प्रोग्रॅम जिथल्या तिथे. चॅटवर विचारलं तर, 'सर, तिन्ही प्रोग्रॅम काढून पुन्हा इन्स्टॉल करा.' केले. मग, 'सर, विंडोज रीसेट करा.' तेही नको असेल तर वरच्या प्लॅनमध्ये तज्ज्ञ मिळतो म्हणे. म्हणजे अजून पैसे!

त्या रागात स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप केलं आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' (हेच ते मॉनिटर) उघडलं. उघडायला वेळ घेतं, घेऊ दे. दिवसागणिक एक रकाना, ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. फुलीवाल्या ओळीवर 'टेक्निकल डिटेल्स' दाबलं की एक रुक्ष तक्ता येतो. त्यातली 'फॉल्ट मॉड्यूल नेम' (ज्या फाइलमध्ये बिघाड झाला तिचं नाव) ही एकच ओळ बघायची. तिन्ही प्रोग्रॅमच्या तक्त्यांत तिथे एकाच डीएलएलचं (प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या फाइलचं) नाव होतं. ती डीएलएल कुठली हे मात्र इथे कळत नाही, फाइलचा पत्ताच देत नाहीत. त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या सविस्तर नोंदींच्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन 'ॲप्लिकेशन' लॉगमधला १००० नंबरचा इव्हेंट उघडावा लागतो, त्यात पूर्ण पाथ असतो. उघडला. पाथ थेट सफाईवाल्याच्या फोल्डरमध्ये. रिलायबिलिटीत परत येऊन पहिल्या फुलीचा रकाना बघितला, तर त्याच दिवशी खाली निळ्या खुणेची नोंद: त्याच सॉफ्टवेअरचं अपडेट, 'यशस्वी'.

अशी बरीच सॉफ्टवेअरं लक्ष ठेवण्यासाठी चालू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आपली डीएलएल घुसवतात. ती बिघडली की यजमानासकट कोसळते. ब्राउझर का वाचला तेही मग उमगलं: क्रोमने २०१८ पासून विंडोजवर अशी घुसखोरी अडवायला सुरुवात केली आहे. डीएलएलचं नाव चॅटवर पाठवलं. उत्तर आलं नाही, 'तुमची तक्रार सोडवली आहे' असा मेल आला. मीच सोडवली, अनइन्स्टॉल करून. तरी त्याची एक सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा भाग) मागे राहिलीच होती. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होताना काय काय चालतं त्याच्या सेटिंगमध्ये) 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक केल्यावर यादीत दिसली, बंद केली. तिन्ही प्रोग्रॅम उघडले. उरलेल्या महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा पाचपैकी पाच दिले असते. आता तेवढे देणार नाही.

एक तर 'फॉल्ट मॉड्यूल'वर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. तिथे 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' दिसलं तर ती विंडोजची स्वतःची फाइल, प्रेत तिथे सापडलं एवढाच अर्थ. दुसरं म्हणजे, जो प्रोग्रॅम कोसळत किंवा गोठत नाही त्याची इथे फुलीही नाही. मध्यंतरी एक प्रोग्रॅम असाच उघडेना आणि हिस्टरी कोरी. तो टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये आरामात चालू होता, खिडकी काढून टाकलेल्या दुसऱ्या मॉनिटरच्या जागेवर उघडली होती. विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबल्यावर आली. 'व्हीसीरनटाइम१४० सापडली नाही' किंवा शेवटी ००७बी असलेला कोड, असे सुरुवातीलाच अडणारे मेसेजही इथे बहुधा नोंदले जात नाहीत. पहिल्याला व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल (अशा डीएलएलचा मायक्रोसॉफ्टचा संच) लागतं. ६४ बिटचं विंडोज असलं तरी ३२ बिटचंही टाकावं, कारण जुने प्रोग्रॅम तेच मागतात. दुसऱ्यात बहुतेकदा ३२ आणि ६४ बिटच्या फाइलींची सरमिसळ असते.

हे सगळं मी माफ केलं असतं. वर तो जो १ ते १० चा स्थिरतेचा आकडा असतो ना, तो नाही. अलीकडच्या बिघाडाला जास्त वजन, म्हणून एक फुली पडली की आलेखाची रेघ धाडकन खाली, आणि वर चढते ती रांगत. कॉम्प्युटर बंद किंवा झोपलेला असेल ते दिवस हिशेबातच नाहीत, म्हणजे सुट्टीवर जाऊन आलात तरी आकडा तिथेच. प्रिंटरचं एक फडतूस सॉफ्टवेअर अधूनमधून शट डाउन करताना मरायचं. कामात तसूभर अडथळा नाही, तरी माझा आकडा पडणार. कुणाला दाखवायचा नाही, बक्षीस नाही, पण सकाळी चहाआधी तो बघायची सवय लागली. ते प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. प्रिंट त्याच्याशिवायही नीट येतेय, शाई किती उरली ते तेवढं दिसत नाही. आकडा सध्या ९ च्या वर आहे. घरचे म्हणतात शाईचं सॉफ्टवेअर परत टाका, मी टाळतोय.

पाचपैकी चार.